दुपारनंतरचे हात

"एमम्मा, हात ढिला सोड. कापून नेत न्हाई मी."

असं म्हणत ती समोरच्या बाईचा हात स्वतःच्या मांडीवर ओढून घ्यायची. आधी नुसता धरून बसायची. बोलता बोलता अंगठा तळहातात दुमडायची, बोटांच्या बुडाची हाडं हळूहळू जवळ आणायची, आणि बाई सुनेच्या तक्रारीत गुंतली की बांगडी सरकून मनगटात गेलेली असायची. बांगड्या भरणाऱ्या तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेक जणी बांगडी ढकलतात. ही हात लहान करायची.

ती देगलूरकडची होती. एमम्मा म्हणजे तिकडच्या तेलुगूत 'काय गं बाई'. लग्न होऊन आमच्या गावात आली. आमचं गाव रेणापूरच्या बाजूला, आठवडी बाजाराचं. तिचा नवरा एकदा बैलांच्या बाजाराला गेला तो परत आला नाही. मेला की पळाला ते कुणालाच कळलं नाही. बायका तिला म्हणायच्या, आता बांगड्या उतरव. ती म्हणायची, "मेला आसं कुणी लिहून दिलंय का?" आणि नवऱ्याचं टोपलं उचलून तिनं त्याचाच धंदा पुढं चालवला. सगळं गाव तिला कासारीण म्हणायचं. नाव मतदार यादीत असेल. मी कधी विचारलं नाही.

मी भीमनगरची. ओढ्याच्या पलीकडं आमची वस्ती, अलीकडं पेठ. पेठेत लिंगायत व्यापाऱ्यांची घरं, धान्याची आणि कापडाची दुकानं. मी चौथी शिकले. आधी खडी फोडली, मग अंगणवाडीत मदतनीस म्हणून तीस वर्षं खिचडी शिजवली आणि पोरांची नाकं पुसली. कासारणीला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. त्यात मान कमी आणि टोमणा जास्त होता.

तिचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. टोपलं उतरवलं की ती म्हणायची, "बोहनी तुझ्याच हातानं." दिवसाची पहिली विक्री चांगल्या हातानं झाली तर दिवस चांगला जातो, हे तुम्हाला सांगायला नको. माझा हात शुभ आहे असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. दुसरीकडं कुठं मला असं कुणी म्हणत नव्हतं, म्हणून मी तो विश्वास सांभाळून ठेवला होता.

तिची माझी ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. मी नवी नवरी. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. दुपारी सुकडी मिळायची, घरी अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, शिजायची. हातोडा मारताना बांगड्या पिचायच्या. मुकादम म्हणाला, बांगड्या काढून या, काच डोळ्यात जाईल. बायका ऐकेनात. तेव्हा ही त्या माळावर आली, खांद्यावर बांगड्यांची माळ टाकून. तिनं लुगड्याच्या जुन्या काठाच्या चिंध्या केल्या आणि प्रत्येकीच्या बांगड्यांवर गुंडाळून दिल्या. मुकादमाला म्हणाली, "आता कुठं काच उडती ते दाखव."

माझा हात तिनं त्या दिवशी पहिल्यांदा धरला. फिरवून बघितला.

"लग्नात काय माप होतं?"

"दोन-सहा."

"आता दोन-चार बी ढिली हुईल." असं म्हणून तिनं माळेतून दोन-सहाचीच बांगडी काढली.

मी म्हटलं, "अगं, गळून पडेल ती."

"चिंधी हाय ना. दुष्काळाचं माप धरायचं न्हाई. पाऊस पडला की हात भरतील, तवा हीच नीट बसंल."

त्या साली तिनं एकाही बाईला लहान माप दिलं नाही. लहान बांगडी दिली असती तर पुढच्या वर्षी ती फोडून काढावी लागली असती आणि तिची दुसरी विक्री झाली असती. हा हिशोब तिला येत नव्हता असं नाही. तिनं केला नाही.

पुढं उस्मानाबादपासून तुटून लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. पुढारी म्हणाले, आता पाणी येईल, कारखाने येतील, प्रत्येक घरात नोकरी येईल. कासारीण एसटीनं लातूरला नवा जिल्हा बघायला गेली. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय दिसलं?

"पाटी दिसली. पाटीखाली शिपाई. शिपायापाशी कुत्रं."

"आणि जिल्हा?"

"तो आत होता म्हने. मला सोडलं न्हाई." मग म्हणाली, "पर चपला घालून कचेरीत जानाऱ्या बाया लई दिसल्या. समद्यांच्या डाव्या हाताला घड्याळ. माझा निम्मा धंदा जिल्ह्यानं खाल्ला बघ."

तिला जे कळायचं ते मनगटावरून कळायचं. कोणत्या साली सोयाबीन चांगलं गेलं, कुणाचा मुलगा पुण्याला लागला, कुठल्या सुनेला पोटभर मिळत नाही. एवढं कळूनही ती या घरचं त्या घरी सांगायची नाही. मी पुष्कळदा खोदून पाहिलं. मला चुगल्या आवडतात, खोटं कशाला बोलू.

रेल्वेनं लातूरला पाणी आणलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. पांढऱ्या कपड्यांतला एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन तिच्याकडं आला. मी तिथंच होते.

"मावशी, दोन डझन बांगड्या द्या. साहेबाला आहेर करायचाय."

"कोन साहेब?"

"पाण्याचा. टँकर पाठवत नाही."

"माप काय साहेबाचं?"

"माप कशाला? टेबलावर नुसत्या ओतायच्या. बांगड्या भर म्हणायचं."

"माप घेतल्याबिगर मी देत न्हाई. साहेबाचा हात घेऊन या."

"मावशी, समजून घ्या ना. काम जमत नाही म्हणून बांगड्या."

"टँकर आल्यावर हंडा घेऊन कोन भांडतंय? बांगड्यावाल्याच ना? मग ज्याला जमत न्हाई त्याला बांगड्या का म्हनून? तुमच्या हातातलं ते कडं द्या की काढून."

पुढाऱ्याच्या हातात चांदीचं जाड कडं होतं. त्यानं बाही खाली ओढली. बांगड्या त्यांनी दुसऱ्या गावातून नेल्या असतील. टँकर काही आला नाही.

मग कोरोना आला. तो काळ तुम्हीही काढला आहे, त्यामुळं सगळं सांगत बसत नाही. आमच्या गावानं रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पुण्याहून चालत आलेली आमचीच माणसं शाळेत कोंडली आणि त्यांना लांबून जेवण दिलं. रेशन दुकानापुढं चुन्याचे चौकोन आखले. मला त्या चौकोनांचं एक आवडलं, पेठेतल्या बायका आणि आम्ही एकाच मापाच्या चौकोनात उभ्या राहिलो. अंतर ठेवा असं सगळीकडं लिहिलेलं होतं. भीमनगरला ते वाचून नवीन काही कळलं नाही.

कासारणीचा धंदा बसला. लग्नसराई अशीच गेली. ज्यांनी लग्नं केली त्यांनी दहा-वीस माणसांत उरकली. आणि हात धरल्याशिवाय तिचं काम होत नव्हतं, ती अंतर ठेवणार कशी? चार महिने ती रेशनच्या तांदळावर राहिली. तेलाच्या घाण्यामागं तिची एक खोली होती, भाड्याची. मी कधी गेले तर ती दारात बसून बांगड्या पुसत असायची. त्याच बांगड्या, रोज.

नागपंचमी आली तेव्हा लातूर बंद होतं, पण गावात बायांचं येणं-जाणं सुरू झालं होतं. पंचमी आमच्याकडं कुणी करतं, कुणी करत नाही. बांगड्या मात्र सगळ्याच भरतात. पंचमीच्या आदल्या दिवशी ती तोंडाला फडकं बांधून निघाली आणि दिवसभर गाव फिरली. दोन दिवसांनी तिच्या खोकल्याचा आवाज घाण्यापर्यंत येऊ लागला. उपकेंद्रातल्या सिस्टरनं नाकात काडी घालून तपासलं. तिला कोरोना झाला होता.

सिस्टर नवीन होती, निलंग्याकडची पोरगी. अंगात निळा रेनकोट घालून घामानं भिजलेली. तिनं मला बोलावून घेतलं. संध्याकाळी लातूरहून गाडी येणार होती. त्याआधी कासारणीनं कुणाकुणाला हात लावला त्याची यादी पाहिजे होती. तपासायच्या काड्या थोड्याच होत्या. सिस्टरनं दोनदा समजावून सांगितलं. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी कासारणीचं अंग तापलं. तोपर्यंत ज्यांना हात लावला त्यांना नुसतं घरात बसवायचं. तापल्यानंतर ज्यांना लावला त्यांची तपासणी आजच्या आज करायची.

"मग मी कशाला?" मी विचारलं.

"त्या नावं सांगेनात, काकू. काहीतरी भलतंच सांगतात. तुम्हीच बघा."

कासारीण दारात पोत्यावर बसली होती. मी समोर लिंबाच्या झाडाखाली, शाळेची वही मांडीवर घेऊन, पदर नाकावर.

"नावं सांगा, आजी," सिस्टर म्हणाली.

"नावं मला येत न्हाईत, माय. हात सांगते. दोन-चारचा. डाव्या मनगटावर तव्याचा डाग."

"वीटभट्टीवर जाते ती," मी म्हटलं आणि नाव लिहिलं.

"दोन-सहा. अंगठ्याचं हाड लई ताठ. भरताना मला शिव्या देती."

"माझी थोरली जाऊ."

सिस्टरला हसू आलं. कासारीण डोळे मिटून बोटं हलवत होती. बोटांनाच ते हात आठवत असावेत.

"दोन-दोन. करंगळी वाकडी, हात कायम गार. सिस्टर, तिला रगत कमी हाय, बघा जरा."

अशी यादी चालली. पहिली पंधरा-सोळा नावं नुसती भीमनगरची. तिनं पहाटे पाचला सुरुवात केली होती. माझा हात चौदावा निघाला. मी वहीतून मान वर केली.

"का गं? त्या दिवशी मला काय म्हणालीस? बोहनी माझ्या हातानं?"

"तुला बरं वाटलं ना?"

"वाटलं."

"मग झालं की." तिला खोकला आला.

कुठलीही पंचमी असो, संक्रांत असो, ती आधी भीमनगरात यायची आणि मग पेठेत जायची, हे मला त्या झाडाखाली कळलं. त्यात तिनं काही थोर केलं होतं असं समजू नका. आमच्या बायका सातला कामावर जातात. त्या आधी गाठाव्या लागतात. पेठेतल्या बायका दहानंतर मोकळ्या होतात. एवढीच गोष्ट होती.

पण पेठेत ती असं सांगत नव्हती. पेठेत एक मोठं घर आहे, धान्याच्या व्यापाऱ्याचं. तिथल्या म्हाताऱ्या अक्का प्रत्येक वेळी उंबऱ्यात उभ्या राहून विचारायच्या, कुठून आलीस? आणि ही चाळीस वर्षं सांगत आली होती, "आंगोळ करून थेट घरून, अक्का. बोहनी तुमच्याच हातानं." मग अक्का तिला ओसरीवर बसू द्यायच्या. त्या घरात बसू दिलं म्हणून बाकीची पेठ बसू द्यायची. भीमनगरात आम्ही अर्धा डझन साध्या बांगड्या घेणार. लग्नाचे चुडे, डोहाळजेवणाचे चुडे, सणाला घरातल्या सात-सात बायका, हे सगळं पेठेत. तिचं पोट पेठेवर होतं.

"आता दुपारनंतरचे सांगा," सिस्टर म्हणाली आणि फोन आला म्हणून घाण्याकडं गेली.

कासारणीची बोटं थांबली. दुपारनंतरचे हात म्हणजे सगळे पेठेतले, हे मला कळलं.

मी आवाज खाली घेतला. "ऐक. पेठ सकाळी लिहिते. भीमनगर दुपारी. कुणाला काय कळतंय?"

तिनं घाण्याकडं, सिस्टरकडं पाहिलं.

"आमच्या बायकांची तपासणी होईल, होऊ दे. त्यांना काय, नाकात काडीच घालतात."

"मग पेठंची न्हाई व्हायची."

"त्यांना घरात बसवतील. बसतील. घरं मोठी आहेत."

"आन ती पोरगी?"

अक्कांची धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा सरत होता. तिचा हात कासारणीनं त्या दिवशी सगळ्यात शेवटी भरला होता.

"लई सुजला होता हात," ती म्हणाली. "बांगडी चढंना. आर्धा घंटा धरून बसले. तोंडापुढं तोंड. फडकं खाली घेतलं, बोलता येईना म्हनून."

"काही झालंच असेल असं नाही."

"न्हाई."

घाण्यापाशी सिस्टर फोनवर कुणाशी तरी काड्यांसाठी भांडत होती. कासारीण स्वतःचे हात बघत बसली, उलटे, सुलटे. मग म्हणाली, "लिही. आदी भीमनगर, मग पेठ. जसं हाय तसं."

"तुझं सगळं गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

"या वयात काय करशील मग?"

"लिही ना, मास्तरीण. किती बोलतीस."

मी लिहिलं. मला फार वाईट वाटलं असं म्हणणार नाही. खरं सांगायचं तर लिहिताना मला आतून बरं वाटत होतं. ज्या ओसरीला आम्ही शिवलो नाही, त्या ओसरीवर बसणारा हात दर सणाला आधी आमच्या हातांना लागून गेला होता, आणि ते मी माझ्या अक्षरात लिहीत होते. मग मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. तिला श्वास घेताना त्रास होत होता आणि तरी ती मनगटं आठवत होती. मला माझी लाज वाटली.

"कापडवाल्यांच्यातली, दोन-सहा," ती सांगत होती. "पाटलीची पांढरी खूण हाय, पाटली न्हाई."

"म्हणजे मोडली? कापडवाल्यांच्या घरी एवढी वेळ आली?"

तिनं डोळे उघडले. "ते लिहू नको. नुसतं दोन-सहा लिही. आन तू बी इसर."

मी ते लिहिलं नाही. विसरले मात्र नाही. घर कुठलं ते तेव्हा तोंडातून गेलं, आता नाव तरी सांगत नाही.

संध्याकाळी गाडी आली. तिनं टोपलं माझ्याकडं ठेवायला सांगितलं. मी ते काठीनं ओढत नेलं आणि चौदा दिवस अंगणातल्या पत्र्याच्या तुकड्यावर उन्हात ठेवलं. हात लावला नाही. जसं केलं तसं सांगते आहे.

त्याच संध्याकाळी पेठेत तपासणी झाली. तिघींना कोरोना निघाला, त्यात अक्कांची लेक होती. तिला रातोरात लातूरला नेलं. आठवडाभर नाकाला नळी होती. तिथंच तिला मुलगी झाली आणि दोघी महिन्यानं घरी आल्या. वेळेवर कळलं, असं सिस्टर नंतर म्हणाली. यापेक्षा जास्त मला माहीत नाही.

अशा याद्या गुपित असतात म्हणतात. आमच्या गावात ती दुसऱ्या दिवशी गिरणीवर पोचली. मी सांगितलं नाही, हे शपथेवर सांगते. पेठेला बांबू बांधले. बांबूच्या आत लोक रोगाबद्दल बोलायच्या ऐवजी क्रमाबद्दल बोलू लागले. आधी तिकडं, मग इकडं? तेच हात? आणि किती वर्षं? अक्कांनी ओसरी दोनदा धुऊन घेतली. रोगासाठी धुतली की आमच्यासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

इकडं भीमनगरात वेगळंच भांडण लागलं. खरा पहिला हात कुणाचा? यादीत पहिलं नाव वीटभट्टीवर जाणाऱ्या एकीचं होतं. ती आठ दिवस सरपंच झाल्यासारखी चालत होती. माझी जाऊ म्हणाली, "तू चौदावी. कळलं का?" तिचा स्वतःचा नंबर दुसरा होता. वर आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, त्या बाईमुळं आपण घरात कोंडलो, मजुरी बुडाली, तिला आता वस्तीत येऊ द्यायचं नाही. आम्हीही माणसंच आहोत.

कासारीण बरी होऊन आली ती निम्मी होऊन. मी तिला आठ दिवस भाकरी दिली. भिंतीवर ठेवायची आणि मागं सरकायची. ती माझ्याकडं बघून हसायची. एकदा म्हणाली, "लांबून देनारीचा बी हात दिसतो मला. वाळला तुझा."

गौरी गेल्या, दसरा गेला, दिवाळी गेली. पेठेतून बोलावणं आलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. ते तसं करतही नाहीत. बाहेर भेटल्या की म्हणायच्या, आता लातूरहून तयार आणतो बाई, सध्या हात लावून घ्यायची भीती वाटते. त्याच बायका ब्युटी पार्लरवालीला घरी बोलवून भुवया कोरून घेत होत्या. मी चिडून हे कासारणीला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांचा हात, त्यांची मर्जी."

"मी बदलून लिहायला तयार होते. तूच नको म्हणालीस."

"बदललं आसतंस आन ती पोरगी मेली आसती, तर तू मला भाकरी दिली आसतीस का?"

"दिली असती."

"मी खाल्ली नसती," ती म्हणाली आणि बांगड्या पुसू लागली.

संक्रांत झाल्यावर ती देगलूरला बहिणीकडं गेली. खोलीचं भाडं निघत नव्हतं. टोपलं बरोबर नेलं. दोन वर्षांनी देगलूरचा एक मिरचीवाला बाजारात आला होता, त्याला मी विचारलं. म्हणाला, ती कासारीण? ती तर गेली, मागच्या पावसाळ्यात. कोरोनानं नाही, पोटाच्या दुखण्यानं. मी तिथं गेले नव्हते. देगलूर लांब आहे, माझे गुडघे चालत नाहीत, आणि जाऊन मी करणार काय होते?

मी तिला काम करताना शेवटचं पाहिलं ते त्या संक्रांतीच्या दोन दिवस आधी. सकाळी ती भीमनगरात येऊन गेली. तेव्हापर्यंत आमच्या बायकांचा राग संपला होता. प्रत्येक घरी साबणानं हात धुवायची, वाळवायची, मग भरायची. साबणाचा हात म्हणजे बांगडी लवकर चढती, म्हणाली, हे आधी सुचलं नाही. दहाच्या सुमारास मी दळण घेऊन गिरणीवर निघाले, तेव्हा ती पेठेत शिरताना दिसली. मला वाटलं, वाट चुकली की काय. पण ती नेहमीसारखीच चालली होती. प्रत्येक दारापुढं थांबायची, हाक द्यायची, "बांगड्याऽऽ", पूर्वी जेवढी थांबायची तेवढी थांबायची आणि पुढं जायची. दारं उघडी होती. आतून बायका दिसत होत्या. कुणी बाहेर येत नव्हतं.

अक्कांच्या घराचं दार लोटलेलं होतं. तिनं हाक दिली. दार हललं नाही. ती निघणार, तेवढ्यात रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला. कोपरापर्यंत. रिकामा. मागं लेक उभी होती, कडेवर पोर.

कासारणीनं टोपलं खाली ठेवलं. खिडकी उंच होती. ती पायरीच्या कडेवर चढली, पण हात धरला नाही. आधी बाटलीतल्या पाण्यानं आणि साबणानं स्वतःचे हात धुतले, पदराला पुसले. मग त्या लेकीकडं बघून म्हणाली, "भीमनगर करून आले, माय. वीस हात झाले सकाळपासनं."

तिला कुणी विचारलं नव्हतं.

हात तिथंच राहिला. आतून अक्कांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

"कासारीण," लेक म्हणाली.

आतून पुढं काही आलं नाही. कासारणीनं मनगट फिरवून बघितलं, म्हणाली, "दोन-चार. सूज गेली," आणि दोन गजांच्या मधून एक एक करत सहा बांगड्या भरल्या. मग लेकीनं दुसरा हात बाहेर काढायला पोर इकडच्या कडेवरून तिकडच्या कडेवर घेतलं. त्यातही सहा भरल्या. गिरणीवाला मला दळणासाठी हाका मारत होता. मी उभीच.

झाल्यावर कासारीण पायरीवरून उतरली. टोपलं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या घरापुढं जाऊन उभी राहिली. हाक दिली. ते दार बंद होतं. ती तेवढीच थांबली आणि त्याच्या पुढच्याकडं गेली.